कचेरी किती कोसांवर?

उठा. शुक्राची चांदणी वर आलीय, बैल जुंपून झालेत आणि गाडीवान तुमच्याचसाठी खोळंबलाय. घोंगडी अंगाभोवती आवळून घ्या. पौष आहे, आणि केळनेकाठचं गार वारं घोंगडीतूनही हाडापर्यंत पोचतं. गाडीत कडबा अंथरलाय. त्यावर टेकलात की आधी त्याचा गोडसर वास येईल, मग बैलांच्या अंगाची ऊब, मग चाकाच्या आसाला चोपडलेलं काळं वंगण. डोक्याचं मुंडासं घट्ट करा. कमरेचा कसा चाचपून पाहा, त्यात चारमिनार उमटवलेले हाली सिक्क्याचे मोजके रुपये आहेत आणि तेवढ्यातच सगळं भागवायचंय.

तुम्ही भोकरदनजवळच्या खेड्यातले शेतकरी आहात. राज्य निजामाचं. साल विचारू नका, तुम्हाला ते फसली सनातच माहीत आहे, आणि तेही पटवारी सारा मागायला येतो म्हणून. शेजारी दर नांगरटीला तुमचा बांध वीतभर कोरतोय. पाटलाच्या पारावर बसून झालं, भावकीत आवाज चढवून झाला. आता कचेरी.

भोकरदनला पोचेपर्यंत उन्हं अंगावर येतात. तहसील कचेरीसमोर लिंबाच्या झाडाखाली अर्जनवीस बसलाय. मांडीवर फळी, बाजूला शाईची दौत, कानात अत्तराचा फाया. तुम्ही मराठीत बोलत जाता आणि त्याचा बोरू उजवीकडून डावीकडे सरकत जातो. तुमचा बांध, तुमचं बोरीचं झाड, तुमच्या आज्याचं नाव, सगळं उर्दूत उतरतंय आणि त्यातलं एक अक्षर तुम्हाला कळत नाही. "अंगठा," तो म्हणतो. शाई गार लागते. घरी जाईपर्यंत तो निळा अंगठा धोतराला लागू नये म्हणून तुम्ही हात जरा लांबच धरून चालणार आहात.

जिथे टेकलाय त्या मातीकडे मात्र एकदा बघा. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या नावांत इथल्या माणसांची नावं कोरलेली आहेत. पुढे १९७३ साली इथे उत्खनन होईल आणि एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती वर येईल. १९३८ मध्ये थेट इटलीत, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पोंपेईत, एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्याशी हिचं चांगलंच साम्य आहे. ज्या गावची कारागिरी समुद्रापलीकडच्या मूर्तीशी नातं सांगते, त्या गावच्या माणसाला आपल्या बांधाच्या न्यायासाठी मात्र किती लांब जावं लागतं, ते आता बघा.

कारण आत चपराशी सांगतोय, "तहसीलदार साब दौरे पे हैं. और ये काम यहाँ का नहीं, बडे साब का है. औरंगाबाद जाव."

औरंगाबाद! जिल्ह्याचे मोठे साहेब, अव्वल तालुकदार, तिथे बसतात. त्यांच्यावर पुन्हा सुभेदार. मग काय, बैलांना पाणी दाखवा आणि निघा. घरून बांधून दिलेले धपाटे आणि ठेचा आहेत, ते जपून खा. वाटेत आधी पूर्णा लागेल. गाडी पात्रात उतरली की वाळूत चाकं रुततात, बैल फुरफुरतात आणि तुम्हाला खाली उतरून खांदा द्यावा लागतो. पाणी गुडघ्याला चावतं. पूर्णा झाली की गिरजा. नद्या दोन, पण तुमच्या पोटऱ्यांना हिशेब एकच. पावसाळ्यात हाच अर्ज असता तर तुम्ही अलीकडच्या काठावर पाणी उतरायची वाट बघत बसला असता, आणि तिकडे तारीख निघून गेली असती. इथला भूगोल मला कळला तो असा: उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगररांगा, तिथून पाणी दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे धावतं, मधे काळी माती, खाली गोदावरी, आणि कचेरीला निघालेल्या माणसाला त्यातलं काही ना काही आडवं येतंच.

मुक्काम फुलंब्रीला. दुसऱ्या दिवशी चौक्याचा चढ, बैलांच्या तोंडाला फेस, मग हर्सूल, आणि एकदम समोर दिल्ली दरवाजा. आत शिरताच कान भरून जातात. टांग्यांच्या घंटा, भिश्तीच्या पखालीतून सांडणारं पाणी, कबाबाचा धूर, तुळतुळीत शेरवान्या, कोणीतरी ओरडतंय "हटो, हटो!" तुम्ही बैलांना कडेला घेता. या शहरात तुमच्या ओळखीचं कोणी नाही. कचेरीच्या आवारात तीन दगड मांडून भाकरी थापायची, घोंगडी अंथरायची आणि नाव पुकारायची वाट बघायची. आज नाही. उद्याही नाही. पेशकाराच्या खोलीत लाल फडक्यात बांधलेले बस्ते छतापर्यंत रचलेत, त्यांचा कुबट वास दारापर्यंत येतो, आणि त्यातल्या एकात तुमचा अंगठा आहे. तुमचा अर्धा खर्च खाण्यावर नाही, वाट बघण्यावर झालाय.

परतीला जालन्यावरून या. वाट वाकडी आहे, पण बाजार बघायला मिळेल. कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला कादराबाद, आणि इंग्रज छावणीच्या दिवसांत वाढलेला सदर बाजार. सरकीचा उग्र वास, जिनिंगमधला कापसाचा धुरळा नाकात, घशात, पापण्यांवर. सराफ्यात तराजूंची किणकिण. 'जालना सोन्याचा पाळणा' असं इथले लोक म्हणतात, ते छाती काढून. गंमत बघा: भोकरदन, अंबड, परतूर, सगळीकडची माणसं माल विकायला इथे येतात, लग्नाचं कापड इथून नेतात, पण सरकारी कागद घेऊन इथे मोठ्या साहेबाकडे येता येत नाही. बाजार जालन्याला, साहेब औरंगाबादला.

आणि पूर्वेला थोडं सरकलात तर राज्यच बदलतं. देऊळगाव राजा तिथून जवळ आहे, बालाजीच्या यात्रेला अख्खा जालना तिकडे लोटतो, पण ते वऱ्हाडात, कारभार इंग्रजांचा. मधे करोडगिरीचा नाका. उतरा खाली. नाकेदार गाठोडं सोडायला लावतो, बायकोसाठी घेतलेलं लुगडं उलगडून उन्हात धरतो, जकात सांगतो. गर्दीत कोणाचं पोर रडतंय, कोणाची गूळभेली पोत्यात लपवलेली सापडलीय आणि त्यावरून कालवा चाललाय. पलीकडे तुमचा हाली रुपया चालत नाही. सात हाली दिले तर सहा इंग्रजी कलदार हातात पडतात. त्याच मातीत, त्याच जोंधळ्याच्या शेतातून जाताना तुमच्या रुपयाची किंमत कमी झालेली तुम्हाला बोटांना कळते.

आता डोळे मिटा. वर मोठी उलथापालथ होऊ द्या. हैदराबाद संस्थान जाईल, मुंबई राज्य येईल, मग महाराष्ट्र. त्यावर जाडजूड पुस्तकं आहेत. आपण तेवढ्या वेळात फक्त अंगावरचे कपडे बदलू.

डोळे उघडा. सत्तरीचं दशक. तुम्ही परतूरच्या प्राथमिक शाळेतल्या बाई आहात. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत सेवापुस्तकाची नक्कल आणि चपाती-भाजीचा डबा. पगाराची निश्चिती अडकलीय आणि परतूर परभणी जिल्ह्यात आहे, म्हणजे जिल्हा परिषद परभणीला. मीटर गेजची गाडी फलाटाला लागते तशी कोळशाची कणी डोळ्यात जाते. चोळू नका, पदराच्या टोकाने काढा. डब्यात पाय ठेवायला जागा नाही. बाकाखाली करडईच्या तेलाचे डबे, वर शेळीचं पिल्लू, खिडकीत कोंबलेली पोरं. "सरका की वं बाई जरा," म्हणत एक म्हातारी तुमच्या गुडघ्यावरच टेकते आणि लगेच तुमचं माहेर कुठलं ते विचारते. सातोना, सेलू, मानवत रोड. प्रत्येक ठेशनावर पेरू, भुईमुगाच्या शेंगा आणि आणखी माणसं. परभणीला उतरता तेव्हा साडीचा मूळ रंग कोणता होता ते सांगता येणार नाही.

तिथल्या कारकुनाची रजा आहे. "बाई, सोमवारी या." तो वाईट माणूस नाही, त्याच्या टेबलावर परतूर ही एक फाईल आहे, तुमच्यासाठी तीच फाईल म्हणजे शाळेचा एक बुडालेला दिवस आहे, घरी उपाशी राहिलेलं पोर आहे, आणि परतीची गाडी चुकली तर फलाटावरची रात्र आहे, पिशवी डोक्याखाली आणि चप्पल पिशवीत.

त्याच काळात अंबडच्या माणसाचं वेगळंच चाललंय. पहाटेची मुक्कामी एस.टी. पकडून तो जालन्यात येतो, तिथे उतरतो, चहा पितो आणि पुढच्या गाडीची वाट बघतो, कारण त्याला अजून औरंगाबाद गाठायचंय. जालन्याच्या स्टँडवर त्याच्या शेजारी उभे राहा. आजूबाजूला सगळं काही आहे: कॉलेजं, दवाखाने, संकरित बियाण्यांची दुकानं. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे सुरू केलेल्या महिको या बियाणे कंपनीमुळे लांबलांबचे शेतकरी बियाणं विचारत जालन्यात येतात. फक्त कलेक्टर नाही. त्या माणसाच्या कपाळावरच्या आठीत हे सगळं लिहिलेलं आहे. मला जालना जिल्ह्याच्या निर्मितीची गोष्ट शासन-निर्णयांपेक्षा या आठीत जास्त खरी वाटते.

आणि मग १ मे १९८१. ऊन असं की डांबर चपलेला चिकटतं. औरंगाबादेतून जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद आणि परभणीतून परतूर, अशी मोट बांधून जालना जिल्हा झालाय. तुम्ही चहाच्या टपरीवर उभे आहात. रॉकेलच्या स्टोव्हचा फरफराट, उकळलेल्या आल्याचा वास, घामाने पाठीला चिकटलेला सदरा. रेडिओवर महाराष्ट्र दिनाची गाणी. बाजूच्या भिंतीवर रंगारी पाटी रंगवतोय, 'जिल्हा' लिहून झालं, 'जालना'चा 'जा' अजून ओला. एक पोरगं बोट लावायला जातं आणि चपराक खातं. परतूरचे पाहुणे आणि भोकरदनचे पाहुणे एकाच बाकावर बसलेत. कालपर्यंत दोघांचे जिल्हे वेगळे. एक म्हणतो, "आमी आता कुनीकडं बघायचं?" दुसरा बशीतला चहा फुर्रकन ओढून म्हणतो, "आवं, लांब बघायचं सोडा अन् हितं बघा." जाफराबादचा एक जण मधेच आपल्या गावची थोरवी लावतो: केळना-पूर्णेचा संगम, तिथला किल्ला. त्याला कोणी अडवत नाही. आज सगळ्यांनाच आपापलं गाव सांगायचंय.

पुढे कितीतरी महिने तुमची जीभ अडखळेल. पाहुण्यांनी जिल्हा विचारला की "औरं..." पर्यंत जाऊन परत फिराल. छापील फॉर्मवर जुन्या जिल्ह्याच्या नावावर रेघ मारून वर 'जालना' लिहाल, आणि ते लिहिताना अक्षर जरा मोठं येईल. नंतर गाड्यांना नंबर मिळतील: औरंगाबाद २०, जालना २१, परभणी २२. ज्या दोन जिल्ह्यांतून तुकडे आले, त्यांच्या अगदी मधे.

मंठा, बदनापूर, घनसावंगी हेही तालुके झाले. समर्थ रामदासांच्या जांबचा माणूस आता घनसावंगीच्या तहसीलला जातो आणि दुपारच्या जेवणाला घरी असतो. आजच्या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. खाली शहागडला गोदावरीवर पूल आहे; होडीची वाट बघत काठावर बसण्याचे दिवस गेले. पण जुन्या जमिनीचा वाद निघाला की अजूनही १९५४ चं खासरा पत्रक मागतात, त्याआधीचं काही हवं असेल तर उर्दू वाचणारा माणूस शोधावा लागतो, आणि तो सापडला की तुमच्या आज्याचं नाव उजवीकडून डावीकडे वाचून दाखवतो.

शेवटी एकदा आजच्या जालन्यातून देऊळगाव राजाकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसा. नाका नाही, जकात नाही, रुपया एकच. मांडीला मांडी लागलीय, मोसंबीची पोती पायाशी, टपावर लोखंडी सळ्या खणखणतायत. शेजारचे काका देऊळगाव राजाचे. जालन्यात मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधून निघालेत, नव्या कापडाचा खळीचा वास येतोय. तुम्ही सहज विचारता, "आता घरी जाऊन आराम?"

"कुठला आराम," ते म्हणतात. "उद्या सकाळी बुलढाणा. कलेक्टर हापिसात काम हाय. चिखली वलांडून जायचं म्हंजे दिस गेला बगा." मग ते तुमच्याकडे वळतात. "तुमाला किती लांब पडतंय?"

"आम्हाला इथंच आहे," तुम्ही म्हणता, आणि त्यांची पिशवी मांडीवर घेता, कारण पुढे रस्ता खराब आहे.