नोटेवरची सॉर्ट ऑर्डर

गेल्या वर्षी तीन महिने मॉरिशसला ऑनसाईट होतो. "मजा आहे बुवा, समुद्रात डुंबायचं!" असं सगळे म्हणाले. प्रत्यक्षात एबेनच्या सायबरसिटीत एसी खात कोड डीबग केला. असो.

तिथल्या नोटेवर इंग्रजी, तमिळ आणि देवनागरी अशा तीन लिप्या असतात. टीममधल्या तिथल्या मित्राने त्यातली गंमत सांगितली. १९९८ साली नव्या नोटा काढताना देवनागरी वर गेली आणि तमिळ खाली आली. तमिळ समाज एवढा भडकला की त्या नोटा मागे घेऊन जुन्या क्रमाने परत छापाव्या लागल्या. सॉर्ट ऑर्डर बदलली म्हणून अख्ख्या देशाने रोलबॅक मारला! मी खूप हसलो. तो फारसा हसला नाही. मग मी वीकेंडला वाचत बसलो.

१९६० च्या आसपास या बेटाचं भवितव्य कोणालाच उज्ज्वल वाटत नव्हतं. निर्यातीत जवळजवळ सगळी साखरच. मलेरिया हटल्यामुळे लोकसंख्या धडाधड वाढत होती. जेम्स मीड या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने (पुढे १९७७ साली नोबेल मिळालं ते हेच) १९६१ मध्ये साधारण असं मत मांडलं, की इथे शांततेने विकास होणं कठीण आहे. साखरमळे फ्रेंच वंशाच्या मूठभर घराण्यांकडे, बहुसंख्य लोक गिरमिटियांचे वंशज, शिवाय आफ्रिकन गुलामांचे वंशज क्रिओल आणि थोडे चिनी. १९६७ च्या निवडणुकीत चाळीस टक्क्यांहून जास्त मतं स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली. 'हिंदूंचं राज्य येईल' ही भीती. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत क्रिओल-मुस्लिम दंगल पेटली, ब्रिटिश सैन्य बोलवावं लागलं. आणि दोनच महिन्यांत, १२ मार्चला स्वातंत्र्य.

आता अशा देशाचं काय व्हायला हवं होतं? पण तसं झालं नाही. पंतप्रधान रामगुलाम यांनी १९६९ मध्ये त्या विरोधी पक्षालाच सरकारात घेतलं. मळे काढून घेतले नाहीत, पण साखरेच्या निर्यातीवर कर लावला आणि तांदूळ, पीठ, दवाखाने, शाळा यांवर खर्च केला. १९७० मध्ये निर्यात क्षेत्राचा कायदा आला. कल्पना लिम फाट या चिनी वंशाच्या प्राध्यापकांची, तैवान बघून सुचलेली. हाँगकाँगचे कपडेवाले आले, मळेवाल्यांनीही साखरेचा पैसा त्यात घातला, आणि हजारो बायका शिलाई मशीनवर बसल्या. १९७५ पासून युरोप ठरलेला कोटा चढ्या भावाने विकत घेऊ लागला, तेव्हा नशीबही होतंच. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला प्रचंड बेकारी होती, दशक संपेपर्यंत कामाला माणसं कमी पडू लागली.

थोडक्यात डील अशी, की सत्ता बहुसंख्यांना आणि संपत्ती ज्यांची त्यांना. (डील करताना निवडणूक १९७६ पर्यंत ढकलली आणि आणीबाणी लावून कामगार नेत्यांना आत टाकलं, हे कौतुकाच्या लेखांत जरा बारीक अक्षरांत असतं.) पंतप्रधानपद आजपर्यंत रामगुलाम आणि जगन्नाथ या दोनच घराण्यांत फिरलंय. अपवाद एकच, २००३ ते २००५ मधले फ्रेंच वंशाचे पॉल बेराँजे.

मला सगळ्यात खटकलं ते 'बेस्ट लूझर'. निवडून आलेल्या ६२ जणांशिवाय जास्तीत जास्त आठ जागा हरलेल्या उमेदवारांना, कोणता समाज कमी पडला ते बघून. घटनेत समाज चार: हिंदू, मुस्लिम, चिनी, आणि वरच्या तिन्हींत न बसणारे सगळे 'जनरल पॉप्युलेशन'. म्हणजे चक्क 'एल्स' ब्लॉक! त्यात मळ्याचा फ्रेंच मालकही आणि त्याच्या पणजोबाने विकत घेतलेल्या गुलामाचा पणतूही. वर गणितासाठी वापरतात १९७२ ची जनगणना, कारण त्यानंतर समाज विचारलेलाच नाही. आकडे हार्डकोड! आपला समाज जाहीर करायला नकार देणाऱ्या काही उमेदवारांचे अर्ज बाद झाले, प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेलं, आणि २०१२ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिलं. त्यानंतर एकदा, २०१४ च्या निवडणुकीपुरती, सूट मिळाली.

आणि या 'एल्स' ब्लॉकमधल्या क्रिओल वस्त्यांचं काय? कपड्यांच्या तेजीनंतरही त्यातल्या बऱ्याच गरीबच राहिल्या. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया हा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला आणि बेट काही दिवस पेटलं होतं.

माझा मित्र क्रिओल. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, आपल्या मराठी मंडळींची पुण्याई. तेलुगू लोकांचा उगादी, तमिळांची कावडी, ईद, चिनी नववर्ष, सगळ्याला सुट्टी. मी त्याला सुट्टीच्या आदल्या दिवशी मोदक समजावून सांगत होतो. बोलता बोलता बेस्ट लूझरवर आलो. तो म्हणाला, "१९७२ मध्ये मी जन्मलोही नव्हतो, पण त्यांच्याकडे मी मोजून झालेलो आहे."

मग त्याने सहज विचारलं, तुमच्याकडे फॉर्मवर काय लिहावं लागतं?

मला माझा शाळा सोडल्याचा दाखला आठवला, त्यातला नावाखालचा रकाना. मी पुन्हा मोदकांकडे वळलो.