पाठीच्या कण्याची वक्रता आणि क्ष-किरणविरहित प्रतिमांकन : एक ऐतिहासिक मूल्यमापन

१८९५ मध्ये विल्हेम राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि जिवंत माणसाची हाडे पाहणे शक्य झाले. कणा बाजूला वळणे व त्यासोबत मणके स्वतःभोवती फिरणे, म्हणजेच ‘स्कोलिओसिस’, या विकाराच्या अभ्यासाला त्यामुळे नवे साधन लाभले. १९४८ मध्ये अमेरिकी अस्थिशल्यविशारद जॉन कॉब यांनी क्ष-किरण चित्रावर वक्रतेचा कोन मोजण्याची पद्धत मांडली. तोच कोन आजही प्रमाण मानला जातो. परंतु हा विकार प्रामुख्याने वाढीच्या वयात, त्यातही मुलींमध्ये अधिक बळावतो. त्यामुळे एका चित्रावर भागत नाही. दर काही महिन्यांनी नवे चित्र घ्यावे लागते.

या देखरेखीची किंमत फार उशिरा लक्षात आली. अमेरिकेत १९१२ ते १९६५ या काळात निदान झालेल्या ५,५७३ स्त्री-रुग्णांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची सरासरी सुमारे २५ वेळा क्ष-किरण तपासणी झाली होती आणि स्तनाच्या कर्करोगाने अपेक्षित सुमारे ४६ मृत्यूंच्या जागी ७७ मृत्यू नोंदले गेले. त्या काळातील किरणमात्रा आजच्या तुलनेत पुष्कळ जास्त होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. तरीही उपचारासाठी केलेल्या मोजमापानेच अपाय व्हावा, ही बाब गंभीर होय.

पर्यायांचा शोध अर्थातच त्यापूर्वीच सुरू झाला होता. १८६५ मध्ये विल्यम ॲडम्स यांनी रुग्णास पुढे वाकवून पाठीचा उंचवटा पाहण्याची चाचणी वर्णिली होती. १९७० मध्ये जपानच्या हिरोशी ताकासाकी यांनी ‘मॉयरे’ पद्धत मांडली. तीत जाळीतून प्रकाश टाकून पाठीवर नकाशातील समोच्चरेषांसारख्या रेषा उमटविल्या जातात. जपानमधील शालेय तपासणीत ती वापरली गेली. १९८० च्या दशकात ऑक्सफर्ड येथे संगणकाधारित ‘आयसिस’ प्रणाली विकसित झाली. अलीकडे हाँगकाँगमध्ये सोनोग्राफीवर आधारित यंत्र तयार झाले असून त्यात रुग्ण उभा असताना कण्याची प्रतिमा मिळते. एमआरआयही किरणविरहित आहे. मात्र त्यात रुग्ण बहुधा आडवा असतो व त्या स्थितीत वक्रता कमी दिसते.

प्रकाशाधारित पद्धती त्वचेचा आकार मोजतात, हाडांचा नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. स्थूल शरीरात उंचवटा झाकला जातो. तथापि, ही साधने कॉब कोन हुबेहूब देतात काय, एवढ्याच निकषावर त्यांची पारख करणे अपुरे ठरते. कॉब कोन हीदेखील त्रिमितीय विकृतीची द्विमितीय छाया असून त्याच्या मोजणीत सुमारे ५ अंशांची तफावत संभवते. देखरेखीपुरता खरा प्रश्न वाढती वक्रता वेळीच कळते की नाही, हा होय. तेथे चूक परवडणारी नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमरपट्टा (ब्रेस) वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के, तर केवळ निरीक्षणाखालील ४८ टक्के रुग्णांची वक्रता वाढ थांबेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिली. हा उपाय वाढीच्या वयातच करता येतो.