बोहाड्याचे मुखवटे : आपल्या इतिहासाचे एक राहिलेले पान

ज्ञातीचा इतिहास म्हटला की आपल्या दृष्टीपुढे प्रथम जव्हारचे संस्थान उभे राहते. परंपरेनुसार इ. स. १३४३ मध्ये जयबा मुकणे यांनी स्थापिलेले हे महादेव कोळ्यांचे राज्य १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले. त्या सहाशे वर्षांचा अभिमान आपण सर्वजण बाळगतो, आणि तो यथार्थच आहे. परंतु राजवाड्याचा इतिहास लिहिला गेला व पाड्यावरील कारागिराचा राहून गेला, हेही आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. त्या राहिलेल्या इतिहासाचे एक पान आम्ही ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

जव्हार, मोखाडा, तसेच नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा या डोंगराळ मुलखात होळीनंतर, पावसाळ्याच्या आधी बोहाडा होतो. रात्री संबळ व पिपाणीच्या तालावर मुखवटे धारण केलेली सोंगे एकामागून एक नाचत येतात. अग्रपूजेचा मान गणपतीचा. पुढे मारुती, नृसिंह, वाघ इत्यादी येतात, आणि देवी व महिषासुर यांचे युद्ध रंगते. यांतील कितीतरी मुखे पशूंची आहेत, हे सहज ध्यानात येईल. पुराणांतील सिंह आपल्या पूर्वजांनी पाहिला नव्हता. वाघ मात्र त्यांच्या परिचयाचा होता. नृसिंहाच्या मुखाला वाघाचा जबडा लाभला असेल, तर त्यात नवल नाही.

लाकडी मुखवटा ओंडक्यातून कोरून काढतात. बाहेरची सोंड वा दाढा पाहणाऱ्याला दिसतात, परंतु कारागिराची खरी कसोटी आतल्या बाजूस असते. ती पोखरून पातळ केली नाही, तर नाचणाऱ्याच्या मानेला भार सोसत नाही. कागदी मुखवट्याची रीत निराळी. मातीच्या साच्यावर खळीत भिजविलेल्या कागदाचे थरावर थर चढवावयाचे, उन्हात वाळवावयाचे, साचा काढून घ्यावयाचा आणि मग रंग द्यावयाचा.

अनेक गावी सोंगाचा मान ठराविक घराकडे असतो व तो बापाकडून मुलाकडे येतो. ही परंपरा एकट्या आपल्या ज्ञातीची नव्हे. कोकणा, वारली, ठाकूर हे बांधवही तिचे तितकेच वारसदार आहेत.

आज पोटापाण्यासाठी आपली मुले ठाण्या-नाशिकास गेली आहेत, आणि मुखवटे शहरात भिंतीवरील शोभेसाठी विकले जातात. कारागिराच्या घरी त्यामुळे चार पैसे येतात, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु भिंतीवरील मुखवटा आतून पोखरण्याचे कारण उरत नाही. आणि जे करण्याचे कारण उरत नाही, ते हातही विसरतात.

म्हणून आमची प्रत्येक कुटुंबास नम्र विनंती आहे. आपल्या घराकडे कोणते सोंग होते, मुखवटा कोणी व कोणत्या लाकडाचा घडविला, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावे. माळ्यावर जुना मुखवटा असल्यास तो विकण्यापूर्वी मुलांस एकवार डोक्यावर घेऊ द्यावा. राजांची वंशावळ आपल्यापाशी आहे. कारागिरांची आता आपणच लिहावयाची आहे.