विश्वचषक हॉकी स्पर्धा, मुंबई (१९८१-८२)

पुरुषांची पाचवी विश्वचषक हॉकी स्पर्धा. ही स्पर्धा २९ डिसेंबर १९८१ ते १२ जानेवारी १९८२ या काळात मुंबई येथील वानखेडे स्टेडियमवर झाली. तीत बारा राष्ट्रांच्या संघांनी भाग घेतला. अंतिम सामन्यात पाकिस्तानने पश्चिम जर्मनीचा ३–१ असा पराभव करून हा चषक तिसऱ्यांदा मिळविला. यजमान भारताला पाचव्या स्थानावर समाधान मानावे लागले. ही स्पर्धा भारतात प्रथमच भरत होती आणि भारत व पाकिस्तान हे परंपरागत प्रतिस्पर्धी अखेरीस समोरासमोर येतील, अशी सर्वसाधारण अपेक्षा होती. तो सामना मुंबईत झालाच नाही.

या अपेक्षेमागे पाव शतकाचा इतिहास होता. फाळणीपूर्वी दोन्ही देशांचे खेळाडू एकाच संघातून खेळत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पाकिस्तानचा स्वतंत्र संघ प्रथम उतरला. १९५६ (मेलबर्न), १९६० (रोम) व १९६४ (टोकिओ) या लागोपाठच्या तिन्ही ऑलिंपिक स्पर्धांच्या अंतिम सामन्यांत हेच दोन संघ समोरासमोर आले आणि तिन्ही वेळा निर्णय १–० असाच लागला. पहिला व तिसरा सामना भारताने जिंकला. रोमचा सामना पाकिस्तानने जिंकून भारताची १९२८ पासूनची सलग सहा सुवर्णपदकांची मालिका खंडित केली.

विश्वचषकाची कल्पनाही पाकिस्तानचीच. चषकाचा आराखडा बशीर मुजीद यांनी तयार केला व तो पाकिस्तानी सैन्याच्या कारागिरांनी घडविला. पहिली स्पर्धा १९७१ मध्ये पाकिस्तानात व्हावयाची होती. परंतु दोन्ही देशांतील संबंध विकोपास गेलेले असल्याने भारतीय संघाच्या सहभागास तेथे तीव्र विरोध झाला आणि स्पर्धा बार्सेलोनास हलवावी लागली. तेथे उपांत्य सामन्यात भारताला हरवून पाकिस्तान पुढे अजिंक्य ठरला. दोनच महिन्यांत उभय देशांत युद्ध भडकले.

१९७३ मध्ये ॲमस्टलव्हेन येथे भारताने उपांत्य फेरीत पाकिस्तानला नमविले. अंतिम सामन्यात सुरजितसिंग याच्या दोन गोलांनी मिळालेली आघाडी मात्र नेदर्लंड्सने भरून काढली. जादा वेळात मिळालेला पेनल्टी स्ट्रोक भारताने वाया घालविला आणि अखेर पेनल्टी स्ट्रोकवरच चषक गमावला. १९७५ मध्ये क्वालालंपूर येथे अजितपालसिंगच्या नेतृत्वाखाली भारताने पाकिस्तानवर २–१ असा विजय मिळविला. बरोबरीचा गोल सुरजितसिंगचा, तर निर्णायक गोल ध्यानचंद यांचे पुत्र अशोककुमार यांचा होता. भारताचे हे आजवरचे एकमेव विश्वविजेतेपद होय. १९७८ मध्ये (ब्वेनस एअरीझ) भारताची सहाव्या क्रमांकापर्यंत घसरण झाली व चषक पुन्हा पाकिस्तानकडे गेला.

मुंबईला हॉकी नवी नव्हती. आगाखान चषक स्पर्धा येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून खेळली जाई. रेल्वे, गोदी, पोलीस, सैन्य आणि गोमंतकीय ख्रिस्ती वस्त्यांतील मंडळे यांनी हा खेळ जोपासला. १९४८ च्या सुवर्णपदक विजेत्या भारतीय संघातील लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा व मॅक्सी व्हाझ हे मुंबईचेच. पुण्याजवळच्या खडकी छावणीची परंपराही जुनी आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधील बाबू निमल खडकीचे होते. पुढे चार ऑलिंपिक व चार विश्वचषक स्पर्धा खेळलेला धनराज पिल्ले हाही तेथलाच. तथापि मराठी वृत्तपत्रे व सर्वसामान्य प्रेक्षक यांचा ओढा क्रिकेटकडे होता. विश्वचषक हॉकी स्पर्धा क्रिकेटसाठी बांधलेल्या स्टेडियमवर व्हावी, यात त्या वस्तुस्थितीचे प्रतिबिंब पाहावयास हरकत नाही.

१९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारताने सुवर्णपदक मिळविले होते. मुंबईचा मर्विन फर्नांडिस त्या संघात होता. त्या यशाने आशा वाढल्या. पण पाकिस्तान, पश्चिम जर्मनी, नेदर्लंड्स व ऑस्ट्रेलिया हे प्रमुख संघ बहिष्कारामुळे मॉस्कोला आलेच नव्हते, याचा उत्साहाच्या भरात अनेकांना विसर पडला. मुंबईत हे चारही संघ हजर होते आणि पहिली चार स्थाने त्यांनीच पटकावली.

स्पर्धेतील बारा संघांची विभागणी दोन गटांत केली होती. भारत व पाकिस्तान वेगवेगळ्या गटांत असल्याने त्यांची गाठ उपांत्य वा अंतिम सामन्यातच पडणे शक्य होते. सुरजितसिंगच्या नेतृत्वाखालील भारतीय संघ आपल्या गटात ऑस्ट्रेलिया व नेदर्लंड्स यांच्या मागे पडला आणि उपांत्य फेरीचे दार बंद झाले. पाकिस्तानचा संघ मात्र ऐन भरात होता. न्यूझीलंडवर त्याने १२–३ असा विजय मिळविला. सेंटर फॉरवर्ड हसन सरदार याचा चेंडूवरील ताबा व प्रतिस्पर्ध्याला हुलकावणी देत आत घुसण्याची हातोटी हे या स्पर्धेचे मुख्य आकर्षण ठरले. कर्णधार अख्तर रसूल १९७१ व १९७८ च्या विजेत्या संघांतही होता. ज्या चषकाची पहिली स्पर्धा भारताच्या सहभागाला झालेल्या विरोधामुळे पाकिस्तानात होऊ शकली नाही, तोच चषक दशकभरानंतर पाकिस्तानी कर्णधाराने भारताच्या भूमीवर स्वीकारला. तिसऱ्या स्थानासाठीच्या सामन्यात ऑस्ट्रेलियाने नेदर्लंड्सला हरविले.

दुसऱ्या एका दृष्टीनेही ही स्पर्धा महत्त्वाची आहे. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकपासून कृत्रिम हिरवळीचा वापर सुरू झाला होता. नैसर्गिक हिरवळीवर खेळली गेलेली मुंबईची स्पर्धा ही विश्वचषकातील अखेरची ठरली. हिरवळीच्या किंचित उंचसखल मैदानावर चेंडू काठीशी खेळवीत नेण्याचे कसब उपयोगी पडे व त्यात भारत-पाकिस्तानचे खेळाडू निष्णात होते. कृत्रिम पृष्ठभागावर चेंडू वेगाने व सरळ जातो. तेथे दमसास, लांब पल्ल्याचे पास व पेनल्टी कॉर्नरवरील फटका यांना अधिक मोल आले. असे मैदान खर्चिक असल्याने शाळा व लहान मंडळे यांना ते परवडणारे नव्हते. भारतीय हॉकीच्या पीछेहाटीचे खापर एकट्या कृत्रिम हिरवळीवर फोडण्याची प्रथा आहे. ती पूर्णपणे खरी नव्हे, कारण १९७८ मधील सहावे व मुंबईतील पाचवे स्थान भारताला नैसर्गिक हिरवळीवरच मिळाले होते.

मुंबईत हुकलेला सामना त्याच वर्षी दिल्लीत झाला. १ डिसेंबर १९८२ रोजी आशियाई क्रीडास्पर्धांच्या अंतिम फेरीत पाकिस्तानने भारताचा ७–१ असा धुव्वा उडविला. सुरजितसिंग १९८४ मध्ये मोटार अपघातात मरण पावला. पाकिस्तानने त्याच वर्षी लॉस अँजेल्स येथे ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. परंतु १९८६ मध्ये लंडन येथील विश्वचषक स्पर्धेत दोन्ही संघांची अशी घसरगुंडी झाली, की त्यांची गाठ पडली ती अकराव्या व बाराव्या क्रमांकांसाठीच्या सामन्यात. तो पाकिस्तानने जिंकला व भारत तळाशी राहिला. पाकिस्तानने १९९४ मध्ये सिडनी येथे चौथ्यांदा चषक मिळविला. भारतात ही स्पर्धा त्यानंतर २०१० मध्ये दिल्ली, २०१८ मध्ये भुवनेश्वर व २०२३ मध्ये भुवनेश्वर आणि राउरकेला येथे झाली; २०२३ च्या स्पर्धेस पाकिस्तान पात्र ठरू शकला नाही. [⟶ हॉकी].