अल्झायमर, आलॉइस
(१४ जून १८६४ – १९ डिसेंबर १९१५). जर्मन मनोविकारवैज्ञानिक व विकृतिवैज्ञानिक. स्मृती व विचारशक्ती यांचा क्रमाक्रमाने लोप करणाऱ्या एका मेंदूविकाराच्या बाबतीत त्यांनी रुग्णाची जिवंतपणीची लक्षणे आणि मृत्यूनंतर मेंदूत आढळलेले सूक्ष्म बदल यांची सांगड घातली. हा विकार पुढे त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

त्यांचा जन्म बव्हेरियातील मार्क्टब्राइट येथे झाला. बर्लिन, ट्यूबिंगेन व वुर्ट्सबुर्ग येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८८७ मध्ये त्यांनी पदवी मिळविली. १८८८ मध्ये ते फ्रँकफुर्टच्या नगरपालिकेच्या मनोरुग्णालयात साहाय्यक वैद्य म्हणून रुजू झाले. पुढील वर्षी तेथे फ्रांट्स निसल आले. तंत्रिका कोशिका (मज्जापेशी) सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसाव्यात म्हणून त्या रंगविण्याची पद्धत निसल यांनी शोधून काढली होती. दिवसा रुग्णांची तपासणी व सायंकाळी सूक्ष्मदर्शकाखाली ऊतकांचे निरीक्षण, असा दोघांचा क्रम असे. मनोविकारांची मुळे मेंदूतील शारीरिक बदलांत शोधता येतील, या विश्वासाने त्यांनी उपदंशजन्य पक्षाघात, रोहिण्यांचे काठिण्य इ. विकारांत मेंदूवर होणाऱ्या परिणामांचा अभ्यास केला.

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी आउगुस्ट डेटर ही ५१ वर्षांची स्त्री या रुग्णालयात दाखल झाली. पतीविषयीच्या निराधार संशयापासून सुरू झालेल्या तिच्या आजारात स्मरणशक्ती झपाट्याने ढासळली होती. अल्झायमर यांनी तिच्याशी झालेली प्रश्नोत्तरे नोंदवून ठेवली. नाव, आडनाव व पतीचे नाव या तिन्ही प्रश्नांना तिने स्वतःचेच नाव सांगितले. फुलकोबी व डुकराचे मांस खात असताना आपण पालक खात आहोत, असे ती म्हणाली. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, हेही तिने बोलून दाखविले. अशी लक्षणे अतिवृद्धांत परिचित होती. पन्नाशीतल्या व्यक्तीत ती दिसावीत, हे मात्र विलक्षण होते.

१९०३ मध्ये अल्झायमर प्रथम हायडेलबर्गला व नंतर एमील क्रेपेलीन यांच्याबरोबर म्यूनिकला गेले. तेथील शारीर प्रयोगशाळेत काही काळ त्यांनी वेतनाविना काम केले. फ्रँकफुर्ट सोडल्यावरही त्यांनी या रुग्णाची चौकशी चालू ठेवली होती. ८ एप्रिल १९०६ रोजी तिचा मृत्यू झाल्यावर तिचा मेंदू व कागदपत्रे त्यांच्याकडे पाठविण्यात आली. चांदीच्या लवणांनी अभिरंजित केलेल्या पातळ छेदांत त्यांना दोन गोष्टी ठळकपणे दिसल्या : तंत्रिका कोशिकांतील तंतूंचे गुंते आणि बाह्यकात सर्वत्र विखुरलेले एका विशिष्ट पदार्थाचे साठे. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथील मनोविकारवैज्ञानिकांच्या सभेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले. पण श्रोत्यांपैकी कोणीही त्यांवर चर्चा केली नाही. १९०७ मध्ये त्यांचा यासंबंधीचा छोटा लेख प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी प्राग येथील ओस्कार फिशर यांनी वार्धक्यजन्य मनोभ्रंशाच्या १६ पैकी १२ रुग्णांच्या मेंदूंत तसेच साठे आढळल्याचे दाखविले.

१९१० मध्ये क्रेपेलीन यांनी आपल्या पाठ्यग्रंथात या विकाराला ‘अल्झायमर रोग’ असे नाव दिले. इतक्या थोड्या रुग्णांच्या आधारे त्यांनी ही घाई का केली, याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. हा स्वतंत्र रोग आहे की वार्धक्यजन्य मनोभ्रंशाचाच लवकर उद्भवणारा प्रकार आहे, याबद्दल खुद्द अल्झायमर साशंक होते. १९११ मधील विस्तृत लेखात त्यांनी ही शंका मांडली आहे. नाव रूढ झाले, शंका मात्र मागे पडली. परिणामी अनेक दशके हा मध्यम वयातील एक दुर्मिळ रोग मानला गेला आणि वृद्धांचा स्मृतिभ्रंश हा वयाचाच धर्म समजून त्याच्या संशोधनाकडे दुर्लक्ष झाले.

१९१२ मध्ये ब्रेस्लौ (सध्याचे पोलंडमधील व्रॉत्सवाफ) येथे त्यांची प्राध्यापकपदी नेमणूक झाली. तिकडे जातानाच ते आजारी पडले व पुढे त्यांची प्रकृती पूर्ववत झाली नाही. वयाच्या ५१ व्या वर्षी ते ब्रेस्लौ येथे मृत्यू पावले. फ्रँकफुर्ट येथे पत्नीच्या शेजारी त्यांचे दफन करण्यात आले.

त्यांच्या शंकेचे निरसन होण्यास सु. सहा दशके लागली. १९६८ मध्ये न्यूकॅसल येथील ब्लेसेड, टॉम्लिन्सन व रॉथ यांनी वृद्धांच्या मेंदूतील साठ्यांचे प्रमाण व मनोभ्रंशाची तीव्रता यांतील संबंध दाखविला. १९७६ मध्ये अमेरिकन तंत्रिकावैज्ञानिक रॉबर्ट कॅट्झमन यांनी दोन्ही विकार एकच असल्याचे प्रतिपादन केले. दुर्मिळ मानलेला रोग त्यामुळे सार्वजनिक आरोग्याचा मोठा प्रश्न ठरला. १९८४ मध्ये साठ्यांशी निगडित असलेले बीटा-ॲमिलॉइड आणि १९८६ च्या सुमारास गुंत्यांतील टाऊ ही प्रथिने ओळखता आली. आउगुस्ट डेटर यांची हरवलेली कागदपत्रे १९९५ मध्ये फ्रँकफुर्ट येथे सापडली, तर त्यांच्या मेंदूचे जतन केलेले छेद त्याच दशकात म्यूनिक येथे सापडले. फेरतपासणीत अल्झायमर यांची निरीक्षणे अचूक ठरली. २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेले लेकॅनेमॅब हे औषध बीटा-ॲमिलॉइडचे साठे कमी करते. त्यामुळे रोगाची वाढ काहीशी मंदावते, परंतु गेलेली स्मृती परत येत नाही.