विश्लेषण : सात वर्षांत सात विजेते, 'एनबीए'चा नवा हंगाम ही साखळी तोडेल का?

दिवाळी पाडव्याच्या दिवशी, म्हणजे २२ ऑक्टोबरला, भारतीय वेळेनुसार पहाटे पाच वाजता 'एनबीए' या अमेरिकन बास्केटबॉल लीगचा २०२५-२६ चा हंगाम सुरू होतोय. पहिला सामना गतविजेत्या ओक्लाहोमा सिटी थंडरच्या घरच्या कोर्टवर, ह्यूस्टन रॉकेट्सविरुद्ध. आधी थंडरचे खेळाडू विजेतेपदाच्या अंगठ्या घेतील, मग सामना. आणि समोर रॉकेट्सच्या नव्या जर्सीत असेल केविन ड्युरँट.

ड्युरँट एकेकाळी याच थंडरचा हिरो होता. २०१४ मध्ये तो तिथेच लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०१६ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे निघून गेला. ओक्लाहोमाच्या चाहत्यांनी ते अजून पूर्णपणे माफ केलेलं नाही. पण त्याचा उल्लेख करण्याचं कारण वेगळं आहे. सलग दोन वर्षं विजेतेपद मिळवणारा शेवटचा संघ म्हणजे २०१७ आणि २०१८ चे वॉरियर्स, आणि दोन्ही वेळा अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ड्युरँटच होता. त्यानंतर रॅप्टर्स, लेकर्स, बक्स, वॉरियर्स, नगेट्स, सेल्टिक्स आणि आता थंडर. सात हंगाम, सात वेगळे विजेते.

विजेते टिकत का नाहीत?

एक उत्तर पैशात आहे. एनबीएमध्ये श्रीमंत मालकाने वाटेल तेवढे स्टार विकत घेऊ नयेत म्हणून खेळाडूंच्या एकूण पगारावर मर्यादा असते. यंदाची सॅलरी कॅप सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर आहे. ती ओलांडता येते, पण थोडं पुढे गेलं की लक्झरी टॅक्स लागतो, आणि त्याही पुढे २० कोटी ७८ लाख डॉलरवर 'सेकंड ॲप्रन' नावाची रेषा आहे. २०२३ मध्ये लीग आणि खेळाडूंच्या संघटनेत झालेल्या करारातून ती आली. या रेषेपलीकडे गेलेल्या संघाला नुसता दंड होत नाही, त्याचे हातच बांधले जातात. दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून त्यांच्या बदल्यात एक मोठा खेळाडू आणता येत नाही. सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीतला ड्राफ्टचा हक्कही ट्रेडमध्ये वापरता येत नाही.

बोस्टन सेल्टिक्सकडे पाहा. २०२४ चे विजेते. यंदा मे महिन्यात प्लेऑफमध्ये निक्सविरुद्ध खेळताना त्यांच्या जेसन टेटमचा अकिलीस, म्हणजे टाचेवरचा जाड स्नायूबंध, तुटला. या दुखापतीतून परतायला साधारण वर्ष लागतं. टेटमविना जिंकण्याची शक्यता कमी आणि पगाराचं बिल मात्र अवाढव्य. मग सेल्टिक्सने ड्रू हॉलिडेला पोर्टलंडकडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिसला अटलांटाकडे पाठवलं. ज्या संघाने जेमतेम वर्षभरापूर्वी करंडक उचलला, तो हिशेबाच्या वहीसमोर असा सुटा झाला.

पण सगळं खापर नियमांवर फोडता येणार नाही. विजेत्यांची ही साखळी सेकंड ॲप्रनच्या आधीपासूनची आहे. २०१९ मध्ये रॅप्टर्सला जिंकून दिल्यावर काही आठवड्यांतच कवाय लेनर्ड क्लिपर्सकडे गेला. त्याच्या जोडीला पॉल जॉर्ज हवा म्हणून क्लिपर्सने थंडरला तरुण शाय गिल्जस-अलेक्झांडर आणि पहिल्या फेरीतले पाच ड्राफ्ट हक्क देऊन टाकले. त्यातल्याच एका हक्कावर थंडरने २०२२ मध्ये जेलन विल्यम्सला घेतलं. म्हणजे रॅप्टर्सचा संघ फुटला आणि त्यातून आजचा विजेता घडला.

थंडरचं 'स्वस्त' वर्ष

गेल्या हंगामात थंडरने ८२ पैकी ६८ सामने जिंकले. शाय एकाच हंगामात सर्वाधिक सरासरीने गुण मिळवणारा, लीगचा आणि अंतिम फेरीचाही सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००० मध्ये शकील ओ'नीलने हे केल्यानंतर पहिल्यांदाच. शाय २७ वर्षांचा, विल्यम्स २४ चा, चेट होल्मग्रेन २३ चा. तिघांनीही उन्हाळ्यात नवे मोठे करार केलेत, पण गंमत इथे आहे : विल्यम्स आणि होल्मग्रेनचे वाढीव पगार २०२६-२७ पासून सुरू होतात, तर शायचा चार वर्षांचा २८ कोटी ५० लाख डॉलरचा करार २०२७-२८ पासून. यंदा हा जवळपास संपूर्ण संघ जुन्या दरात खेळतोय. साखळी तोडायची असेल तर हेच वर्ष. पुढे त्यांनाही बोस्टनसारखी वही उघडावी लागेल.

पश्चिमेत त्यांना सर्वात मोठा धोका डेन्व्हर नगेट्सचा वाटतो. निकोला योकिचच्या मागे या वेळी बेंचवरही जोनास वलान्च्युनससारखी अनुभवी माणसं आहेत. रॉकेट्सबद्दल मी महिनाभरापूर्वी जास्त उत्साहात होते. सप्टेंबरमध्ये फ्रेड व्हॅनव्हलीटचा गुडघा गेला आणि संघात चेंडू सांभाळणारा भरवशाचा माणूसच उरला नाही.

आणि पूर्व?

इथे मी तटस्थ नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये पेसर्स आणि किंग्ज हंगामपूर्व सामने खेळले, तेव्हापासून मी इंडियाना पेसर्सची. यंदा जूनमध्ये ते अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत पोहोचले, आणि त्या सामन्याच्या पहिल्याच क्वार्टरमध्ये टायरीस हॅलिबर्टनचा अकिलीस तुटला. तो हा पूर्ण हंगाम खेळणार नाही. मुंबईत आलेल्या त्या संघातला माइल्स टर्नर दहा हंगामांनंतर बक्सकडे गेलाय. त्याला घेण्यासाठी बक्सने जायबंदी डेमियन लिलार्डला करारातून मोकळं केलं आणि त्याची उरलेली रक्कम पुढच्या पाच वर्षांवर पसरवली.

टेटम आणि हॅलिबर्टन नसल्याने पूर्वेत दार सताड उघडं आहे. गेल्या हंगामात ६४ सामने जिंकणारे कॅव्हलिअर्स आणि १९७३ पासून करंडकाची वाट पाहणारे निक्स यांना याहून चांगली संधी मिळणं कठीण. निक्सने तर अंतिम फेरीच्या एक पायरी आधीपर्यंत नेणारा प्रशिक्षक टॉम थिबडो यालाच काढून माइक ब्राउनला आणलं. मला हा निर्णय अजून पटलेला नाही.

करंडकाशी थेट संबंध नसला तरी दोन जणांवर लक्ष ठेवा. डॅलसचा १८ वर्षांचा कूपर फ्लॅग : लुका डॉन्चिचला लेकर्सकडे पाठवून चाहत्यांचा रोष ओढवून घेतलेल्या संघाला अवघ्या १.८ टक्के शक्यता असताना ड्राफ्टमधली पहिली निवड मिळाली. आणि लेब्रॉन जेम्स, ज्याचा हा विक्रमी २३ वा हंगाम. सायटिकामुळे तो सलामीच्या सामन्यात नसेल. त्याच्या कारकिर्दीत असं पहिल्यांदाच होतंय.

लेब्रॉनविना लेकर्स पाडव्याच्याच सकाळी साडेसातला वॉरियर्सशी खेळतील. २ नोव्हेंबरला अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातील. त्यानंतर आपल्याकडे सामने तासभर उशिरा दिसतील, त्यामुळे अलार्म तेव्हा बदलून घ्या.