फॉरवर्ड मेसेज खरा का वाटतो? चार चिठ्ठ्यांचं कोडं आणि आपलं डोकं

मी येवल्याचा. आमच्याकडे पैठणी घ्यायला आलेलं जाणकार गिऱ्हाईक आधी पदर उलटा करून बघतं. हातमागावर विणलेल्या पदराची नक्षी मागूनही जवळजवळ पुढच्यासारखीच दिसते. यंत्रमागाच्या पदरामागे बरेचदा सुटे धागे पसरलेले असतात. साडी घेताना उलटी बाजू बघायचं सुचतं, मग मोबाईलवर आलेल्या मेसेजची उलटी बाजू का बघत नाही? यामागे आपल्या विचार करण्याची एक सवय आहे. आज तीच समजून घेऊ.

आधी एक कोडं सोडवा

टेबलावर चार चिठ्ठ्या आहेत. प्रत्येक चिठ्ठीच्या एका बाजूला मागाचा प्रकार लिहिलाय आणि दुसऱ्या बाजूला पदराची मागची बाजू कशी आहे ते. तुम्हाला फक्त वरची बाजू दिसतेय:

१. हातमाग
२. यंत्रमाग
३. साफ
४. सुटे धागे

दुकानदार म्हणतो, "हातमाग लिहिलं असेल, तर दुसऱ्या बाजूला साफ असतंच." हे खरं आहे का ते तपासायला कोणत्या चिठ्ठ्या उलटायलाच हव्यात? खाली वाचण्याआधी उत्तर ठरवा.

बहुतेक जण म्हणतात, पहिली आणि तिसरी. बरोबर उत्तर आहे पहिली आणि चौथी. तिसरीच्या मागे यंत्रमाग निघाला तरी दुकानदार खोटा ठरत नाही, कारण यंत्रमागाबद्दल तो काही बोललाच नव्हता. पण "सुटे धागे" या चिठ्ठीमागे हातमाग निघाला, तर त्याचा दावा तिथेच मोडतो.

हे कोडं मुळात ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांचं. १९६६ मध्ये त्यांनी ते इंग्रजी अक्षरं आणि आकडे लिहिलेल्या पत्त्यांवर मांडलं. शिकलेल्या लोकांमध्येही दहातल्या एखाद्यालाच ते जमतं. म्हणजे तुमचं चुकलं असेल तर वाईट वाटून घेऊ नका, माझंही चुकलं होतं.

नेमकी चूक कुठे होते?

दोन ठिकाणी. एक, आपण "हो, बरोबर आहे" म्हणणारा पुरावा शोधतो. "नाही" म्हणू शकेल अशा चिठ्ठीकडे हात जात नाही. दोन, आपण वाक्य नकळत उलटं करतो. "हातमाग असेल तर साफ" असं ऐकतो आणि डोक्यात "साफ असेल तर हातमाग" असं साठवतो. भाषेत ही दोन वाक्यं सख्ख्या भावांसारखी दिसतात, पण अर्थ वेगळा आहे.

कोड्यात चुकलं तर काही बिघडत नाही. मोबाईलवर मात्र बिघडतं.

२०१८ चा उन्हाळा

तेव्हा मी अकरावी संपवून घरी होतो. "मुलं पळवणारी टोळी आलीय, सावध राहा" असा मेसेज आला. मी तो चार ग्रुपवर टाकला. दोन दिवसांनी आमच्या गल्लीत एक अनोळखी फेरीवाला आला. बायांनी पोरं घरात घेतली, दारं लावली. मला वाटलं, बघा, मेसेज खरा निघाला! खरं तर एक माणूस गल्लीतून गेला, एवढंच घडलं होतं.

मग १ जुलैची बातमी आली. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडे बाजारात आलेल्या पाच जणांना जमावाने मुलं पळवणारे समजून ठार मारलं. ते मंगळवेढा भागातले, भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातले होते. त्याच रात्री आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावात एका कुटुंबावर जमाव चालून गेला, पोलिसांमुळे ते वाचले. राईनपाडा प्रकरणात २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली.

आता चिठ्ठ्या आठवा. "मुलं पळवणारा असेल तर तो अनोळखी असतो" याचं लोकांनी "अनोळखी असेल तर तो मुलं पळवणारा" केलं. माझ्या गल्लीत आणि राईनपाड्यात डोक्याने केलेली चूक एकच होती. फेरीवाला सुखरूप गेला, यात माझी हुशारी काहीच नव्हती.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या एका व्हिडिओचंही बघा. दुचाकीवरचे दोघे रस्त्यावरून मूल उचलून नेतात. मुळात ती कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली जाहिरात होती. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. नेमका तोच शेवट कापला गेला होता. म्हणजे "सुटे धागे"वाली चिठ्ठीच कुणीतरी काढून घेतली होती.

पुन्हा पुन्हा आलं की खरं वाटतं

१९७७ मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी दाखवलं की तेच विधान पुन्हा ऐकवलं तर ते जास्त खरं वाटू लागतं. मामाच्या ग्रुपवर, कॉलेजच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज आला की आपल्याला तीन साक्षीदार वाटतात. बरेचदा मूळ एकच असतं.

व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्ये "फॉरवर्डेड" अशी खूण आणली आणि भारतात एका वेळी पाच चॅटची मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून खूप वेळा फिरलेला, दोन बाणांची खूण असलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. याने वेग कमी होतो, विचार मात्र आपल्यालाच करावा लागतो.

मग करायचं काय?

• स्वतःला विचारा: हे खोटं असतं तर मला काय दिसलं असतं? आणि तेच शोधा.
• "असेल तर" असलेलं वाक्य उलटं करून बघा. अर्थ बदलला का?
• व्हिडिओचा स्क्रीनशॉट घेऊन गूगल लेन्सवर शोधा. जुना किंवा दुसरीकडचा असेल तर अनेकदा मूळ सापडतं.
• दोन बाण दिसले की थांबा.
• खरंच संशय आला तर ग्रुपवर फोटो टाकू नका, ११२ वर फोन करा.

एक चांगली बातमीही आहे. १९८२ मध्ये अमेरिकेत हेच कोडं "बिअर पीत असेल तर वय १९ च्या वर हवं" अशा ओळखीच्या नियमात मांडलं, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थ्यांनी ते बरोबर सोडवलं. म्हणजे डोकं कमी नाही, ओळखीचं उदाहरण मिळालं की चालतं. म्हणून पुढच्या वेळी फॉरवर्डवर बोट जाईल तेव्हा पैठणीचा पदर आठवा. आधी उलटा करा, मगच पुढे द्या.